तळमजल्यावरची समानता

कार्यालयात ज्या मीटिंगला माणूस गैरहजर असतो, त्या मीटिंगमध्ये त्याची निवड नेहमी एकमताने होते. पोटनियमसाहेबांची झाली ती अशीच. त्या दिवशी ते अक्कलदाढ काढायला दंतवैद्याकडे गेले होते. पंचावन्नाव्या वर्षी अक्कलदाढ काढायची वेळ यावी हाच मुळात अपमान. त्यात दुसऱ्या दिवशी गालाचा भोपळा घेऊन ते कामावर आले, तर टेबलावर मोठ्या साहेबांची चिठ्ठी: 'समानता व विविधता प्रशिक्षणाचे संयोजक म्हणून आपली निवड झाल्याबद्दल अभिनंदन.' नाही म्हणायला ते तडक मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये गेले. पण त्यांच्या तोंडातून त्या दिवशी नुसतं 'आँ' निघत होतं, आणि मोठ्या साहेबांनी ते होकारार्थी घेतलं.

पोटनियम हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. पाण्याचे पंप बनवणाऱ्या कंपनीच्या आस्थापना विभागाचे ते उपप्रमुख. रजा, बढती, बदली, खुर्ची बदलून मिळणे, पंखा फिरणे, सगळे अर्ज त्यांच्या टेबलावरून जात, म्हणजे जायचे तेव्हा जात. "हे नियमात बसतं हो," ते हळहळून म्हणत, "पण पोटनियमात अडतं." लोक पाठीमागे त्यांना काय म्हणतात हे त्यांच्या कानावर आलं होतं. पण ते आपल्या पोटावरून म्हणतात अशी त्यांची समजूत होती, आणि त्यामुळे गेली दोन वर्षं ते भर उन्हाळ्यातही कोटाची बटणं लावून बसत.

वरच्या कार्यालयातून आलेलं परिपत्रक चार पानी होतं. समानता म्हणजे काय ते त्यात कुठेच नव्हतं. पण ती सभागृहातच झाली पाहिजे, तिला शंभर टक्के हजेरी पाहिजे, तिचा फोटो काढला पाहिजे, त्या फोटोत विविधता स्पष्ट दिसली पाहिजे आणि आठ दिवसांत अहवाल गेला पाहिजे, हे सगळं अगदी बारकाईने दिलं होतं. शेवटी एक ओळ होती: हयगय झाल्यास संयोजकाच्या गोपनीय अहवालात नोंद घेण्यात येईल. ही ओळ साहेबांनी तीनदा वाचली. कारण ग्राहकसेवा विभागाचे प्रमुख दोन महिन्यांनी निवृत्त होणार होते, आणि त्या रिकाम्या होणाऱ्या खुर्चीकडे आपले साहेब मांजराने दुधाच्या पातेल्याकडे बघावं तसे वर्षभर बघत होते. सव्वीस वर्षं नोकरी झालेली. आता नाही तर कधीच नाही.

घरी त्यांनी ही बातमी जेवताना सांगितली.

"समानता?" बायको म्हणाली. "तुम्ही?"

दोनच शब्द. पण त्यातल्या दुसऱ्या शब्दाला जो हेल होता, त्यामुळे साहेबांनी उचललेला घास परत ताटात ठेवला. मुलगी दुसऱ्या एका कंपनीत नोकरी करत होती आणि तिचं हे प्रशिक्षण तीनदा होऊन गेलं होतं. ती म्हणाली, "बाबा, फक्त तीन गोष्टी सांभाळा. बायकांना चहाला लावू नका, पाहुण्यांना गुच्छ द्यायला लावू नका, आणि 'आमच्या मुली फार गुणी आहेत' असं भाषणात म्हणू नका."

"मग चहा कोण करणार?" साहेबांनी अगदी निरागसपणे विचारलं.

"तुम्ही," बायको म्हणाली. "आधी घरचा गॅस कुठल्या बाजूला फिरवतात ते बघून जा म्हणजे झालं."

ही बातमी इमारतीत पसरायला एक संध्याकाळ पुरली. वरच्या मजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक जिन्यातच भेटले. "समानतेत काय एवढं शिकवायचंय?" ते म्हणाले. "मी चाळीस वर्षं मुलामुलींत भेद केला नाही. दोघांनाही सारखंच बदडलं." समोरच्या दारातल्या काकूंनी अर्धं दार उघडून धीर दिला. "भाऊजी, घाबरू नका. आमच्या यांच्या ऑफिसातही झालं होतं हे. तीन महिने मला 'आपण' म्हणत होते. मग गेलं हळूहळू आपोआप."

साहेबांना कोणतीही गोष्ट एकट्याने करायची सवय नव्हती. ते दुसऱ्याच दिवशी समिती नेमून मोकळे झाले. समानता समितीत सात जण होते. सातही पुरुष, सातही पन्नाशीच्या पुढचे, पाच जण चष्मेवाले. विविधता म्हणून दोघे बिनचष्म्याचे घेतले होते. मुलीचा सल्ला लक्षात ठेवून साहेबांनी चहासाठी वेगळी उपसमिती नेमली, तीही शुद्ध पुरुषांची. या उपसमितीच्या तीन बैठका झाल्या. पहिलीत साखर आधीच घालावी की वेगळी द्यावी यावर मतभेद झाले, दुसरीत ते वाढले, आणि तिसरीत एका सभासदाने राजीनामा दिला. चहाचा प्रश्न मात्र कायम राहिला.

मग विविधता. फोटोत ती दिसली पाहिजे म्हणजे आधी ती कार्यालयात आहे किती, हे मोजायला हवं. साहेबांनी एक फॉर्म छापून घेतला: 'आपल्यातील विविधता दोन ओळींत लिहा. खाडाखोड चालणार नाही.' फॉर्म भरून आले तेव्हा साहेब डोकं धरून बसले. भरघोस मिशांच्या स्टोअरकीपरने लिहिलं होतं, 'मी डावखुरा आहे.' एका इंजिनियरने रक्तगट लिहिला होता. एकाने लिहिलं होतं, 'घरात फक्त मला भात आवडतो.' टायपिस्ट बाईंनी लिहिलं होतं, 'चौदा वर्षं दोघांचं काम एकटी करते आहे. हे विविधतेत बसतं का ते कळवावं.' ते बसत नाही असं साहेबांनी त्यांना लेखी कळवलं.

प्रशिक्षणाला येणाऱ्या तज्ज्ञांचंही पत्र आलं. चर्चेला उदाहरणं हवीत म्हणून जुन्या फायलींतली तीन टिपणं, त्यातली नावं काळ्या शाईने झाकून, आगाऊ पाठवावीत. साहेबांनी ते पत्र रेकॉर्ड क्लार्ककडे सरकवलं. रेकॉर्ड क्लार्क म्हणजे निवृत्तीला आठ महिने राहिलेला, दिवसाला आठ वाक्यं बोलणारा माणूस. "बघून काहीतरी पाठवून द्या," साहेब म्हणाले. "बघून पाठवतो," तो म्हणाला.

खरी अडचण मात्र जिन्यात होती. सभागृह तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट दुसऱ्या मजल्यापर्यंत. तिसरा मजला इमारतीवर मागाहून चढवलेला. लिफ्टला त्याचा पत्ता नव्हता. धडधाकट माणसाला चौदा पायऱ्या म्हणजे काहीच नाही. पण तळमजल्यावर दाराशेजारी तक्रारताई बसत.

तक्रारताई ग्राहकसेवेतल्या. पंप बिघडला, पाणी चढेना, मोटर जळली, आवाज करते, आवाजच करत नाही, असे दिवसाला साठ-सत्तर फोन त्या घेत. एका कानाला फोन, समोर वही, आणि समोरचा माणूस कितीही ओरडला तरी यांचा आवाज तसूभर वर जात नसे. बरेचदा तर त्या नुसत्या आवाजावरून पंपाचा कोणता भाग गेला ते सांगत. "फोन जरा पंपाजवळ धरा," म्हणायच्या, आणि अर्ध्या मिनिटात "वॉशर बदला" म्हणून मोकळ्या. लहानपणीच्या आजारात त्यांचे पाय गेले होते. त्या व्हीलचेअरवर असत. अकरा वर्षांच्या नोकरीत त्यांनी सभागृह पाहिलं नव्हतं, आणि सभागृहाचंही त्यांच्यावाचून काही अडलं नव्हतं. आता मात्र शंभर टक्के हजेरी हवी होती.

साहेब खाली आले. "ताई, त्या दिवशी तुम्हाला तिसऱ्या मजल्यावर यायचंय."

"अरे वा," तक्रारताई म्हणाल्या. "जिना काढून टाकला का?"

"तसं नाही. आपल्या सिक्युरिटीच्या माणसाने एक सुचवलंय. चौघं जण तुम्हाला खुर्चीसकट उचलतील. अगदी अलगद. तुम्हाला काही कळणारही नाही."

ताईंनी फोनवरच्या माणसाला एक मिनिट थांबायला सांगितलं आणि वही मिटली. "साहेब, मी पंप नाहीये, चौघांनी उचलून न्यायला. समानता खाली आली तर मी हजर आहे. ती वरच राहणार असेल, तर माझी रजा मांडा."

साहेबांनी परोपरीने सांगून पाहिलं, पण ताई ढिम्म. रजा मांडली तर हजेरी नव्याण्णव टक्के होणार. सभागृह बदलावं तर परिपत्रकात 'सभागृहातच' असं ठसठशीत लिहिलेलं. साहेबांनी देखभाल विभागाला पत्र लिहून लिफ्ट वर नेता येईल का विचारलं. देखभाल विभागाने कळवलं की लिफ्ट वर नेता येईल, पण त्यासाठी आधी तिसरा मजला अधिकृत आहे हे सिद्ध करावं लागेल, आणि तो प्रश्न कोणी विचारू नये अशी नम्र विनंती आहे. शेवटी साहेबांना सुचलं ते सव्वीस वर्षांच्या अनुभवालाच सुचू शकतं. तळमजल्यावर मागच्या अंगाला माल पाठवायची शेड होती. त्यांनी एका मोठ्या कागदावर 'सभागृह' असं छापून घेतलं आणि तो शेडच्या दारावर चिकटवला. नियम पाळला गेला.

पण शेड काही रिकामी नव्हती. तिथे खोकी चढवणारे हमाल होते, झाडलोट करणाऱ्या दोन मावश्या होत्या. हे सगळे कंत्राटदाराचे लोक, कंपनीच्या हजेरीपटावर नसलेले. म्हणजे प्रशिक्षणाच्या दृष्टीने नसलेलेच. साहेबांनी फळ्यावर सूचना लावली: 'समानतेच्या प्रशिक्षणानिमित्त कंत्राटी कामगारांनी दहा ते बारा या वेळेत शेडच्या बाहेर थांबावे.' सूचना लावून ते दोन पावलं मागे सरले, चष्मा वर करून त्यांनी ती समाधानाने वाचली. मागून तक्रारताईंचा आवाज आला.

"साहेब, ही सूचना चर्चेला उदाहरण म्हणून पाठवली का हो?"

साहेबांनी ती पुन्हा एकदा वाचली. मग इकडेतिकडे बघून काढली, चौघडी घालून कोटाच्या खिशात टाकली.

प्रशिक्षणाचा दिवस उजाडला. खोकी भिंतीला रचून शंभर खुर्च्या मांडलेल्या. पहिली रांग सोफ्याची, मोठ्या साहेबांसाठी; दुसरी गादीच्या खुर्च्यांची, अधिकाऱ्यांसाठी; मग प्लॅस्टिकच्या; आणि अगदी मागे, ज्यांना जिथे जमेल तसं. मावश्या आणि हमाल खोक्यांवर बसले होते. तेवढी एकच रांग अशी होती, की जिच्यात कोण कुठे बसणार यावरून सकाळपासून भांडण झालं नव्हतं. पाहुण्यांना गुच्छ द्यायला बायका नकोत म्हणून ते काम स्टोअरकीपरकडे दिलं होतं. तो मिशांना पीळ भरून, गुच्छ डाव्या हातात भाल्यासारखा धरून दारात उभा होता.

दहाच्या ठोक्याला गाडी आली. मागच्या दारातून एक पोरगेलीशी, आखूड केसांची बाई उतरली. खांद्यावर झोळी, हातात कागदांचं ओझं. पुढच्या दारातून उतरले ते करड्या केसांचे, सोनेरी चष्म्याचे, कडक इस्त्रीचे गृहस्थ. साहेबांनी क्षणाचाही विलंब लावला नाही. "यावं, यावं सर!" म्हणत त्यांनी गृहस्थांचा हात धरला, मोठ्या साहेबांशेजारी सोफ्यावर नेऊन बसवलं, आणि त्या बाईला म्हणाले, "मॅडम, तुम्ही कागद त्या खोक्यावर ठेवा आणि तिकडे बसा. साहेबांना काही लागलं तर हाक मारतील." बाईंनी एकवार साहेबांकडे पाहिलं, जरा हसल्या आणि निमूटपणे हमालांच्या शेजारी जाऊन बसल्या. पुढे पंधरा मिनिटं त्या तिथून सगळं बघत काहीतरी टिपून घेत होत्या.

स्वागत झालं. गुच्छ दिला गेला, सगळ्यांचा मिळून फोटो काढला गेला. मोठे साहेब बोलले. या कंपनीत भेदभाव कधीच नव्हता आणि आता तर तो आणखी राहणार नाही, असं म्हणाले. मग साहेबांनी पाहुण्यांचा भरघोस परिचय करून दिला. परदेशी शिक्षण, दोनशे कार्यशाळा, वगैरे. गृहस्थ गोंधळून उभे राहिले. त्यांना वाटलं, ही कंपनी माणसाचा मान ठेवणारी दिसते.

"मी काय बोलणार," ते म्हणाले. "मला एवढंच कळतं, की सिग्नल लाल असला की महागडी गाडी पण थांबते आणि हातगाडी पण थांबते. न थांबणारा एक जण निघाला की सगळ्यांचा खोळंबा. संपलं."

टाळ्यांचा कडकडाट झाला. "काय थोडक्यात सांगितलं!" मोठे साहेब पुटपुटले. "विद्वान माणूस."

"म्हणूनच मी त्यांच्याबरोबर येते," खोक्यावरून उठत ती बाई म्हणाली. "आमचे ड्रायव्हरकाका गाडीही अशीच चालवतात. नमस्कार. मी आजच्या प्रशिक्षणासाठी आलेय."

शेडमध्ये टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. पण टाचणीऐवजी स्टोअरकीपरचं हसू फुटलं. साहेबांचा चेहरा पांढरा झाला, मग लाल झाला, मग दोन्ही. मोठ्या साहेबांनी त्यांच्याकडे जी नजर टाकली तिच्यात दोन महिन्यांनी रिकामी होणारी खुर्ची स्पष्ट दिसत होती. आणि तिच्यावर साहेब नव्हते. ड्रायव्हरकाका सोफ्यावरून उठायला लागले, तर तज्ज्ञ बाई म्हणाल्या, "बसा काका, तुमचं भाषण माझ्यापेक्षा बरं झालं."

आता गेलेली अब्रू कशी परत मिळवायची, एवढा एकच विचार साहेबांच्या डोक्यात होता. संधी लगेच चालून आली. तज्ज्ञ बाईंनी एक कागद काढला. "हे तुमच्याच कार्यालयातलं सहा वर्षांपूर्वीचं टिपण आहे. नावं झाकलेली आहेत. मी वाचते, तुम्ही मत सांगा." आणि त्यांनी वाचलं:

"'सदर उमेदवार कामात अत्यंत निष्णात असल्या तरी विभागप्रमुखाच्या बैठका तिसऱ्या मजल्यावर होत असल्याने व सदर उमेदवारास जिना चढणे शक्य नसल्याने, पोटनियम चार-ख अन्वये त्यांचा या पदासाठी विचार होऊ नये. त्यांच्या सोयीचा विचार करूनच ही शिफारस करण्यात येत आहे.'"

'पोटनियम' हा शब्द आला तेव्हाच शेडमध्ये खसखस पिकली. दुसऱ्या रांगेपासून खोक्यांपर्यंत माना वळल्या. साहेबांना वाटलं, सगळे आपल्याकडे आशेने बघताहेत. ते उठले. कोटाचं बटण लावलं.

"हा निव्वळ मूर्खपणा आहे," ते कडाडले. "माणूस वर जाऊ शकत नाही, तर बैठक खाली घ्यायला काय हात मोडले होते? आणि वर म्हणे त्यांच्या सोयीसाठी! हे लिहिणाऱ्याला लाज कशी वाटली नाही? अशी माणसं कंपनीत आहेत म्हणून ही प्रशिक्षणं घ्यावी लागतात. मी तर म्हणतो, त्याचं नाव जाहीर करा!"

टाळी एकच पडली. ती रेकॉर्ड क्लार्कने वाजवली होती.

"नाव झाकलेलं आहे," तज्ज्ञ बाई म्हणाल्या. त्यांना बिचाऱ्यांना काहीच ठाऊक नव्हतं.

"राहू द्या झाकलेलं," मागून तक्रारताई हळूच म्हणाल्या.

"मुळीच नाही!" साहेबांना आता स्फुरण चढलं होतं. ते पुढे झाले, कागद हातात घेतला, चष्मा कपाळावर ढकलला. नाव काळ्या शाईखाली होतं खरं. पण खाली सही होती, आणि त्या सहीची शेपटी शाईच्या बाहेर निघून, दोन वळणं घेऊन, पार कागदाच्या कडेपर्यंत गेली होती. अशी शेपटी अख्ख्या कंपनीत एकाच सहीला होती.

साहेब उभेच राहिले. कागद उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला. असं काही आपण लिहिल्याचं त्यांना आठवतच नव्हतं, आणि खरं सांगायचं तर हेच त्यांना जास्त लागलं. त्या आठवड्यात आणखी वीस टिपणं लिहिली असतील. त्यातलंच हे एक, चहाचा कप खाली ठेवता ठेवता लिहिलेलं. आत्ता कागद घडी करून खिशात टाकला असता तरी चाललं असतं. तज्ज्ञ बाई पुढच्या उदाहरणाकडे वळल्या असत्या. मोठे साहेब तर घाईघाईने म्हणालेच, "आपण आता चहा घेऊ या का?" पण चहा नव्हता. उपसमितीत एकमत झालं नव्हतं.

"ही सही माझी आहे," साहेब म्हणाले. मग ते तक्रारताईंकडे वळले. "ताई, तुम्हाला हे... ठाऊक होतं?"

"जावक तेव्हा माझ्याच टेबलावरून जायचं," ताई म्हणाल्या. "टिपणावर शिक्का मीच मारला."

"मग तुम्ही तक्रार का नाही केलीत?"

"कुठे करणार?" ताई म्हणाल्या. "तक्रार विभागात मीच होते."

तज्ज्ञ बाईंनी हातातले बाकीचे कागद खाली ठेवले. त्यानंतर जो तासभर बोलणं झालं ते त्यांच्या आराखड्यात नव्हतं. टायपिस्ट बाई चौदा वर्षांचं बोलल्या. मावश्यांपैकी एकीने विचारलं, की आम्ही रोज साफ करतो त्या संडासात आम्हाला जायची बंदी का. ते ऐकून मोठ्या साहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी वहीत लिहून घेतलं. साहेब तेवढा वेळ एका खोक्याच्या कोपऱ्यावर बसून होते. तिथे आपल्याला कोणी बसवलं, हेही त्यांच्या लक्षात आलं नाही.

घरी आल्यावर कोटही न काढता त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. "भर सभेत अपमान झाला गं माझा. तोही मीच केला."

बायकोने सगळं ऐकून घेतलं. "तुमची चूक होती ना?"

"होती."

"मग अपमान कसला? चूक नसताना बोल लागला तर अपमान. याला फक्त कळणं म्हणतात." आणि ती कुकर लावायला निघून गेली. साहेबांनी कोट काढला, आणि आत जाऊन मुकाट्याने पाण्याचे पेले भरले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी टिपण लिहिलं. ते इतकं छोटं होतं की मोठ्या साहेबांनी पान उलटून बाकीचं शोधलं. सहा वर्षांपूर्वीची शिफारस चुकीची होती, ती मागे घेत आहे. विभागप्रमुखांच्या बैठका आणि मुलाखती यापुढे तळमजल्यावर घ्याव्यात. खाली सही. मोठे साहेब नाही म्हणाले असतेही, पण टिपण टेबलावर पडून असतानाच वरच्या कार्यालयाचा निरोप आला: फोटो उत्कृष्ट! बायका, पुरुष, व्हीलचेअर, हमाल, सफाई कामगार आणि सोफ्यावर ते भारदस्त ज्येष्ठ गृहस्थ, एवढी विविधता दुसऱ्या कुठल्याच कार्यालयाला जमली नव्हती. ज्येष्ठ गृहस्थ कोण, हे अर्थातच कळवलं गेलं नाही. पहिला क्रमांक मिळाला. ढाल घ्यायला मोठे साहेब एकटेच विमानाने गेले. परत आल्यावर त्यांचा समानतेवर इतका विश्वास बसला होता, की त्यांनी टिपणावर पुन्हा न वाचताच सही केली.

अर्ज मागे घेण्याइतके आपले साहेब थोर नव्हते. त्यांनी ग्राहकसेवेच्या जागेसाठी मुलाखत दिली, आणि रीतसर पडले. त्यांना विचारलं, पंप पाणी ओढत नसेल तर काय कराल? ते म्हणाले, समिती नेमू. तक्रारताईंना तोच प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, आधी पंपाचा आवाज ऐकवा.

विभागप्रमुख झाल्यावर तिसऱ्याच दिवशी ताईंनी त्यांना बोलावलं. साहेब दारात उभे. बसावं की उभं राहावं, याचा नियम त्यांना सापडेना.

"बसा," ताई म्हणाल्या. "तक्रारीच्या टेबलावर नवीन माणूस यायला दोन महिने लागतील. तोवर तुम्ही बसाल का? हुकूम नाही, विचारतेय. मोठ्या साहेबांशी मी बोललेय."

साहेबांच्या जिभेवर आलं होतं, की हे आपल्या पदाला साजेसं नाही. का कोण जाणे, ते जिभेवरच राहिलं. "मला पंपातलं काही कळत नाही," ते म्हणाले.

"कळायची घाई नाही. आधी नुसतं ऐका."

सोमवारी सकाळी नऊ वाजता ते दाराशेजारच्या टेबलावर बसले. कोट काढून खुर्चीच्या पाठीला लावला; फोन खांद्यात धरायचा तर कोट आड येत होता. नऊ वाजून चार मिनिटांनी पहिला फोन आला. पलीकडे एक आजीबाई.

"कोण बोलतंय? तिथे एक ताई असायच्या. त्यांना द्या. त्यांना आमचा पंप ठाऊक आहे."

"त्या आता विभागाच्या साहेब झाल्यात, आजी."

"अगंबाई! झाल्या का? फार उशीर केलात हो," आजीबाई म्हणाल्या. मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "आणि त्यांच्या जागेवर कोण, ज्याला यातलं काहीच कळत नाही असा माणूस बसवलाय का?"

"हो," साहेब म्हणाले. त्यांनी वहीचं कोरं पान उघडलं. "फोन जरा पंपाजवळ धरता का, आजी? मी ऐकतोय."